काठावरचं पाणी

“सरका, जरा पुढं सरका, जागा आहे अजून,” असं म्हणत कंडक्टरबाईंनी बाकावरच्या सगळ्यांना वीतभर हलवलं आणि उशिरा आलेल्या एका अवघडलेल्या बाईला टेकायला जागा करून दिली. स्वतः मात्र उभ्याच राहिल्या. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची ती जागा म्हणजे बोळकांडीच होती. एका बाजूला बाक, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत लोकांची कोपरं चुकवत त्या दारापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून दारापर्यंत फेऱ्या घालत होत्या. नावं नोंदवायच्या खिडकीतल्या मुलीने त्यांना दोनदा बसायला सांगितलं. दोन्ही वेळा त्या “हो, हो” म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अंगातली बस काही थांबली नव्हती. गल्लीत त्यांना खऱ्या नावाने ओळखणारं कोणी उरलं नव्हतं. दूधवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या त्या कंडक्टरबाई. मुलाने तर फोनमध्ये आईचा नंबर ‘मुख्य कचेरी’ म्हणून साठवून ठेवला होता. तो लांब, एका खाडीवरच्या पुलाच्या कामावर होता आणि महिनोन्‌महिने घरी यायचा नाही. घरात राहिल्या या दोघी: बोलायला लागल्या की न थांबणाऱ्या सासूबाई, आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासता घासता स्वतःचं बोलणंही घासून बारीक करून टाकलेली सून. दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायलासुद्धा दोघींनी बोलावं लागतं.

दार उघडलं. सून बाहेर आली ती कुणाकडे न बघता, ओढणीच्या टोकाने हाताला लागलेला जेलचा चिकटा पुसत. कंडक्टरबाई दोन ढांगांत तिच्याजवळ पोचल्या.

“पाणी कमी आहे म्हणतात,” ती म्हणाली.

“कसलं पाणी?”

“आतलं.”

पुढचं डॉक्टरांच्या खोलीत कळलं. डॉक्टर वयाने मुलाएवढीच होती, केस घट्ट बांधलेली, बोलताना कागदावर नुसत्याच रेघोट्या मारणारी. बाळाभोवती जे पाणी असतं ते असायला हवं त्यापेक्षा कमी आहे, असं तिने सांगितलं. पिशवी कुठे फुटलेली नाही, गळत नाही, ते तपासलंय. बाळाचे ठोके चांगले आहेत. अंगाने जरा बारीक आहे, पण घाबरण्यासारखं आज तरी काही नाही. पाणी काठावर आहे एवढंच. फार खाली गेलं तर बाळ आधीच बाहेर काढावं लागेल, आणि तसं करण्यापेक्षा त्याला आत आणखी थोडे दिवस मिळाले तर बरं, कारण फुफ्फुसं अजून तयार होतायत. तोवर भरपूर पाणी प्यायचं. एकदम तांब्याभर नाही, दिवसभर, थोडं थोडं. डाव्या कुशीवर पडून राहायचं आणि बाळ हलतंय ना तिकडे लक्ष ठेवायचं. हालचाल कमी वाटली किंवा पाणी जातंय असं वाटलं तर निघून यायचं, फोन करत बसायचं नाही. नाहीतर परवा पुन्हा बघू.

सून मान हलवत ऐकत होती. कंडक्टरबाईंनी मात्र आयुष्यभर सुट्टे पैसे मोजून घेतले होते, त्यांना अर्धवट हिशोब चालत नसे. प्यायलेलं पाणी पोटात जातं आणि बाळ तर गर्भाच्या पिशवीत, मग हे तिकडे पोचतं कसं, असं त्यांनी विचारलं.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. बहुधा हे तिला फारसं कुणी विचारत नसावं. आईच्या रक्तात पाणी वाढलं की बाळाकडे जास्त जातं, ती म्हणाली, आणि बाळ मग शू करतं. शेवटच्या महिन्यांत आतलं पाणी म्हणजे बरंचसं तेच.

“म्हणजे ते बाळ त्यातच...”

“हो आजी. त्यातच पोहतं, तेच पितं. स्वच्छ असतं ते.”

आजी म्हटलेलं कंडक्टरबाईंना आवडलं नाही, अजून व्हायचं होतं. पण त्यांचं मन दुसरीकडेच गेलं होतं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “मग त्याला तरी बिचाऱ्याला मनमोकळी शू करू दे.”

डॉक्टर हसली. सून हसली नाही. पाणी पिऊन खरंच वाढतं का, एवढंच तिने विचारलं. पुष्कळदा थोडं वाढतं, डॉक्टर म्हणाली, पण सगळ्यांचं वाढतंच असं नाही, मी खात्री देणार नाही.

घरी येईपर्यंत कंडक्टरबाईंनी सगळी व्यवस्था मनात लावली होती. पलंग खिडकीकडून संडासाच्या दाराजवळ ओढला. उशाशी स्टूल, स्टुलावर जग आणि पेला. सुनेला डाव्या कुशीवर निजवून तिच्या पाठीशी लोड लावला, आणि दर थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून येऊन पेला तिच्या तोंडासमोर धरायला सुरुवात केली. साधं पाणी, मग लिंबू पिळलेलं, मग कलिंगडाचा रस, मग पुन्हा साधं. सुनेने पेला हातात घेतला की त्या समोर उभ्या राहायच्या. तळ दिसेपर्यंत हलायच्या नाहीत. मध्येच बाळ हललं का विचारायच्या. हो म्हटलं की कुठल्या बाजूला ते विचारायच्या. मग गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचं आठवून आत पळायच्या, आणि आत गेल्यावर कशासाठी आलो ते विसरून परत बाहेर.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मुख्य कचेरीने त्याला सगळा अहवाल दिला, डॉक्टरपेक्षा दुप्पट वेळ घेऊन. पुलाच्या खांबाचं काम मध्यावर आहे, सोडून येता येत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कुणी ये म्हटलंही नव्हतं. सुनेने फोन कानाला लावला, “ठीक आहे मी” म्हणाली आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा की पाचवा पेला तिला उलटून पडला. पलंगाची चादर, लोड, कंडक्टरबाईंचा हात, सगळं भिजलं. त्यांनी चादर बदलली, तिचं तोंड पुसलं आणि पेला पुन्हा भरून आणला.

“आई, बास.”

“अगं, उलटून गेलं ना सगळं. पोटात काय राहिलं? एवढा एक घे.”

“मी माणूस आहे. टाकी नाही.”

आवाज चढला नव्हता, पण या घरात ती पहिल्यांदाच असं काही बोलली होती. कंडक्टरबाई पेला घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली: आपण हे कुणासाठी करतोय, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आजकालच्या मुलींना एक पेला पाणी प्यायचं म्हटलं तरी... सून ऐकत राहिली. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायची तिला सवय होती, तसं ती त्यांच्याकडे एकटक बघत होती.

“तुम्ही कधी प्यायलात?” तिने विचारलं.

“मी? माझं काय.”

“कालपासून मी बघतेय. सकाळचा चहा आणि जेवताना दोन घोट. दीड वर्ष झालं लग्नाला, तुम्हाला उभं राहून नुसतं पाणी पिताना मी पाहिलेलं नाही.”

“मला लागत नाही तहान.”

“मलाही लागत नाही.” ती कोपर टेकून उठून बसली. “एक तुम्ही प्या. मग एक मी पिते. तुम्ही नाही प्यायलात तर मी पण नाही.”

कंडक्टरबाईंना वाटलं ही गंमत करतेय. पण तिने खरंच तोंड भिंतीकडे फिरवलं. बसमध्ये त्यांनी विनातिकीट भामटे पाहिले होते, दारुडे पाहिले होते, पुढाऱ्यांचे भाचे पाहिले होते, सगळ्यांना सरळ केलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या या मुलीपुढे मात्र काही चालेना. शेवटी त्यांनी आतून दुसरा पेला आणला, स्टुलाशेजारी उभं राहून घटाघटा रिकामा केला आणि औषध घेतल्यासारखं तोंड केलं. सूनबाई वळली आणि आपला पेला उचलला.

दुपारपर्यंत घरात वेगळीच धावपळ सुरू झाली. संडास एक आणि जाणाऱ्या दोघी. एक आत असली की दुसरी बाहेरून कडी वाजवायची. कंडक्टरबाईंच्या शरीराला या प्रकाराची सवयच राहिली नव्हती. पोट तंबोऱ्यासारखं ताणलं जायचं, कमरेत डावीकडे जुनी कळ उठायची, आणि बसलं की पुन्हा उठावं लागायचं. तिसऱ्यांदा त्या बाहेर आल्या तेव्हा सून उशीत तोंड खुपसून हसत होती. हसू आवरेना तशी तिने पोट धरलं, आणि मग एकदम हसू थांबवून म्हणाली, हललं. जोरात हललं.

त्याच दुपारी, काहीतरी बोलायचं म्हणून, सुनेने विचारलं की तहान न लागण्याची ही सवय कधीपासूनची.

कंडक्टरबाई खोलीत इकडून तिकडे जात होत्या. चालता चालताच त्यांनी सांगायला सुरुवात केली, खिडकीकडे तोंड असताना जरा मोठ्याने, दाराकडे असताना हळू. नोकरीला लागल्या तेव्हा डेपोत बायका मोजून तीन. पुरुषांना सगळीकडे भिंती होत्या. गाडी थांबली की ड्रायव्हर उतरायचा, गाडीच्या मागे जायचा, हात झटकत परत यायचा. बाईने कुठे जायचं? शेवटच्या थांब्यावर चहाची टपरी आणि एक विजेचा खांब. डेपोत बायकांसाठी एक खोली होती, तिच्यात जुने टायर भरलेले. त्या तिघी मिळून साहेबांकडे गेल्या होत्या एकदा.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, नोकरी पाहिजे की संडास?”

“मग?”

“मग काय. नोकरी पाहिजे होती.”

त्या पुन्हा खिडकीपर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. पुढचं त्यांनी कधीच कुणाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, तो असताना.

डोंगरातल्या रस्त्यावर एकदा ट्रक उलटून वाट बंद झाली होती. भरलेली गाडी, ऊन मी म्हणत होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पुरुष उतरून वळणापलीकडे जाऊन आले. बायका बसून राहिल्या. कंडक्टरबाईंनी त्या दिवशी निघताना पाणी प्यायलं होतं, कारण ताप येऊन गेला होता आणि घसा कोरडा पडत होता. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याला कसंबसं सांगितलं तर तो म्हणाला, थोडं धरा बाई, आता सुटेल. ऊन कलेपर्यंत धरलं. मग पुढच्या गाड्या हलल्या आणि त्याने घाईघाईने गिअर टाकला. गाडीला हिसका बसला. त्या मधल्या वाटेत उभ्या होत्या, एक हात वरच्या दांडीला, दुसऱ्या हातात तिकिटांची पेटी.

“आणि झालं,” त्या म्हणाल्या.



अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पॅंट खाकी, पण ओली खाकी लपत नाही. पहिल्या सीटवर एक बाई बाटली घेऊन बसली होती. कंडक्टरबाईंनी तिच्याकडे पाणी मागितलं. तिने आनंदाने दिलं. यांनी झाकण उघडलं, तोंडाशी नेल्यासारखं केलं आणि पुढच्या वळणावर सगळी बाटली स्वतःच्या अंगावर सोडून दिली.

“ती बाई म्हणाली, अहो, प्यायला दिलं होतं की हो. चिडली नव्हती ती. तिला वाईट वाटलं, पाणी वाया गेलं म्हणून. उन्हातनं जपून ठेवलं होतं तिनं.” कंडक्टरबाईंनी खिडकीची कडी उगाच काढून पुन्हा लावली. “मी म्हटलं, गाडीचा धक्का बसला. आणि शेवटच्या थांब्यापर्यंत तिकिटं फाडली. तशीच उभी राहून. त्यानंतर घरनं निघाले की परत येईपर्यंत थेंब नाही. कधीच नाही. मग सवयच झाली.”

त्यांची पाठ सुनेकडेच होती. मागे जगातून पाणी ओतल्याचा आवाज आला. वळल्या तेव्हा दोन्ही पेले भरलेले होते आणि सून आपला पेला आधी पीत होती, कुणी न सांगता.

दुसऱ्या सोनोग्राफीला कंडक्टरबाई हट्टाने आत गेल्या. पडद्यावर त्यांना करड्या धुक्याशिवाय काही दिसलं नाही. डॉक्टरने पाण्याच्या एका काळ्या पट्टीवर बोट ठेवलं, तिथे मोजलं, दुसरीकडे मोजलं. “वाढलंय,” ती म्हणाली. “थोडंसंच. पण वाढलंय.” असंच चालू ठेवा म्हणाली.

उठायच्या आधी सुनेने डॉक्टरला सांगितलं की आईंच्या कमरेत डावीकडे सतत दुखतं, त्यांचंही एकदा बघा. कंडक्टरबाई नको नको म्हणत होत्या. हे वयाचं आहे, उभं राहून राहून झालंय. पण सून खोलीच्या दारात उभी राहिली आणि दार अडवून धरलं. बघितलं तेव्हा डॉक्टरने डावीकडे पुन्हा पुन्हा मोजलं. डावी किडनी आक्रसून लहान झालीय, तिने सांगितलं. जुने खडे असणार, वारंवार जंतुसंसर्ग झाला असणार, बऱ्याच वर्षांचं आहे. ती काम करत नसावी. उजवी चांगली आहे. तिला जपायला हवं, रक्त तपासायला हवं.

“म्हणजे एकीवर चाललंय?”

“हो.”

“मग चालतंय की.” त्यांनी पदराशी चाळा करावा तसा पिशवीच्या बंदाला पीळ घातला आणि उठल्या. मुलाला एवढ्यात कळवायचं नाही, असं त्यांनी जिना उतरताना सुनेला बजावलं. तो उंचावर काम करतो, त्याचं लक्ष उडेल.

सून मधल्या पायरीवर थांबली. चेहरा लाल झाला होता. “तुम्हाला राग नाही येत?” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की खालून वर येणारी माणसं थबकली. “त्या साहेबाचा? त्या टायरांचा? कुणाचाच?”

“येतो ना. पण आता कुणावर काढू? तो साहेब मेला सुद्धा.” कंडक्टरबाईंनी तिचं कोपर धरलं. “हळू उतर. कठड्याला धर.”

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, म्हणजे जितके जाऊ शकतात तितके. सून बोलायला लागली होती. दुकानातला संडास शेजारच्या इमारतीत आहे, तिकडे गेलं की मालक घड्याळाकडे बघतो, म्हणून तिथे कुणीच मुली पाणी पीत नाहीत, हे तिने एकदा सहज सांगितलं. कंडक्टरबाई लगेच चपला घालायला लागल्या. त्या मालकाशी दोनच शब्द बोलून येते म्हणाल्या. सुनेने चपला ओढून पलंगाखाली टाकल्या. तिकडे मी स्वतः बोलेन, परत गेल्यावर, ती म्हणाली, आणि बोलण्यात असं काही होतं की बाईंनी त्या बाहेर काढायला वाकण्याचाही प्रयत्न केला नाही. दोघी पाणी पीत होत्या, आळीपाळीने आत जात होत्या, हालचालींवर कान लावून बसत होत्या. तपासणीत एकदा पाणी तेवढंच होतं. पुढच्या वेळी जरासं उतरलेलं. डॉक्टर “बघू” म्हणाली. त्या “बघू”ने कंडक्टरबाईंची झोप गेली. त्या अंथरुणावर पडायच्या, उठायच्या, सुनेच्या पलंगाशी जाऊन श्वास ऐकून यायच्या.

मग एका सकाळी चहा झाल्यावर सून डाव्या कुशीवर पडली ती हात पोटावर ठेवून तशीच राहिली. कंडक्टरबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

“उठल्यापासून नाही हललं,” सून म्हणाली.

गार पाणी दिलं. साखर दिली. दोघींनी मिळून चार हात पोटावर ठेवून वाट पाहिली. काही नाही. एकदा वाटलं हललं, पण तो कंडक्टरबाईंच्याच बोटांचा ठोका होता. त्या पुढे थांबल्या नाहीत. खालच्या मजल्यावर रंगारी राहायचा, त्याची छोटी टेम्पोगाडी बाहेर पडायच्या बेतात होती. रंगाचे डबे एका बाजूला ढकलून, फडक्यांच्या गठ्ठ्यावर सुनेला डाव्या कुशीवर निजवलं. कंडक्टरबाई तिच्या डोक्याशी वाकून उभ्या राहिल्या, एक हात छताच्या कांबीला, दुसरा सुनेच्या खांद्यावर. चौकात वाहनं अडली होती. त्यांनी मागचं दार उघडून अंग बाहेर काढलं आणि आयुष्यभर वापरलेल्या आवाजात पुढच्यांना बाजू द्यायला सांगितलं. लोकांनी दिली. कशाला द्यायची हे न विचारता दिली.

दवाखान्यात पोटाला ठोके मोजायचा पट्टा लावला. ठोके ऐकू आले तेव्हा दोघींचेही डोळे मिटले. पण ठोके मध्येच मंदावत होते, पुन्हा उचलत होते, पुन्हा मंदावत होते. डॉक्टर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि आता थांबायचं नाही म्हणाली. ऑपरेशन. लगेच.

सुनेला हिरवा गाऊन घातला, केस टोपीत कोंबले. कंडक्टरबाई पलंगाभोवती फिरत होत्या. चादर ओढ, चप्पल उचल, नर्सला विचार, दारातून डोकावून ये. ट्रॉली हलायला लागली तेव्हा सुनेने हात लांब करून त्यांचं मनगट धरलं.

“आई, बसा.”

“अगं, मी आहे इथंच, तू...”

“बसा ना एकदा. तुम्ही फिरता तेव्हा मला वाटतं काहीतरी वाईट झालंय.”

ट्रॉली गेली. दार मिटलं. कंडक्टरबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या.

बसणं इतकं अवघड असतं हे त्यांना माहीत नव्हतं. पाय आपोआप जमिनीवर दाबले जात होते. गुडघे त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवले. कमरेतली कळ उठली, गेली, उठली. आतून कसलातरी आवाज आला आणि त्या अर्ध्या उठल्या, मग पुन्हा टेकल्या. समोरून जाणाऱ्या नर्सला विचारावं असं दहादा मनात आलं. एकदाही विचारलं नाही. कुणी त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. त्यांनी ती मांडीवर ठेवली, उघडली, सावकाश घोट घेतला आणि झाकण लावलं. आतली मुलगी त्यांना बघू शकत नव्हती. तरी त्या बसून राहिल्या.

रडणं ऐकू आलं ते अगदी बारीक, आणि उशिरा. दार उघडून डॉक्टर बाहेर आली, मुलगी आहे म्हणाली. लहान आहे, काही दिवस काचेच्या पेटीत उबेला ठेवावी लागेल, पण स्वतःहून श्वास घेतेय. आई ठीक आहे. कंडक्टरबाईंनी विचारलं की मग पाणी पुन्हा का आटलं, आमचं काही चुकलं का. डॉक्टरने टोपी काढली. नाळ जिला जोडलेली असते ती वार थकली होती, ती म्हणाली, बाळाला पुरवत नव्हती नीट. तुम्ही पाणी पाजून काही दिवस मिळवलेत, ते उपयोगी पडले, फुफ्फुसं तयार झाली. त्यापुढे पाण्याच्या हातात नव्हतं.

पेटीचे दिवसही सरले. बाळ आईजवळ आलं तेव्हा मूठभर चेहरा आणि त्यात भलीमोठी जांभई. वॉर्ड मोठा होता आणि भेटीच्या वेळी भरून जायचा. त्याच्या दाराची स्प्रिंग बिघडलेली होती. कुणी आत आलं की दार सुटायचं आणि चौकटीवर धाडकन आदळायचं, आणि दर आवाजाला पोरगी दोन्ही हात फेकून दचकायची. सुनेला नुकतीच झोप लागली होती. कंडक्टरबाईंनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग उठून बाहेर गेल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

भेटीची वेळ संपेपर्यंत त्या तिथेच होत्या. पाय जरा फाकलेले, एक खांदा दारावर. माणसं येत होती, जात होती. त्या दार हाताने उघडून एकेकाला आत सोडत होत्या. लोकांना त्या दवाखान्यातल्याच वाटल्या. कुणी पलंग विचारला तर सांगत होत्या, डावीकडे, खिडकीपाशी, हळू बोला.

मुलगा आला तो थेट पुलावरून, बुटांवर सिमेंट, खांद्यावर बॅग, डोळे तांबारलेले. आईला पाहून तो थांबला. तू बाहेर का उभी आहेस, त्याने विचारलं, आत काय झालं?

कंडक्टरबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हनुवटीने आत दाखवलं. तो बूट न वाजवता त्यांच्या बाजूने आत गेला. त्यांनी दाराला तळहात लावला आणि ते शेवटच्या बोटभर फटीपर्यंत सावकाश सोडत नेलं.